तू आलीस की आकडा येतो

रेडिओच्या तोंडावर काय काय असावं, हे ठरवायचा तिला पगार मिळत होता. बटण गोल की चौकोनी, आवाजाची चकती उजवीकडे की डावीकडे, आकडे केवढे, अक्षरं केवढी, सगळं तीच आखायची. हातात कायम स्टीलची पट्टी असायची, म्हणून कारखान्यात तिचं नावच पडलं पट्टी. खरं नाव आठवायला मालकालाही डोकं खाजवावं लागे. कारखाना तरी कसला, एक लांबलचक खोली, खोलीत ओळीने टेबलं, टेबलांवर दिवे आणि दिव्यांखाली विटेएवढे रेडिओ. दूरदेशीची स्टेशनं पकडणारे, शॉर्टवेव्हचे. असे रेडिओ घेणारी माणसं आता थोडी उरली आहेत, पण जी आहेत ती भलती चिकट. एक बटण जागचं हललं तर जन्माचं वैर धरतात.

त्या चिकटांतले एक म्हणजे तिचे वडील.

बाबा शिंपी होते. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी बोलताना अजून दातांत टाचणी धरल्यासारखे ओठ मिटून बोलत. बायको गेल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि त्यात त्यांना काही कमी वाटत नव्हतं. रोज दुपारी ते एकच कार्यक्रम ऐकायचे. कुठल्याशा लांबच्या स्टेशनवरून जहाजांसाठी हवामान सांगत, ते. आता या माणसाने जन्मात समुद्र पाहिलेला नाही, पण लाटांची उंची ऐकल्याशिवाय त्यांना चहा जात नसे. मग लेकीला फोन.

"उत्तरेकडे लाटा दोन पुरुष उंच. लहान बोटी बाहेर काढू नका म्हणतायत."

"बाबा, आपल्याकडे बोट नाही."

"नसू दे. माहीत असलेलं बरं."

त्यांच्या जुन्या रेडिओला लांबट काच होती आणि काचेमागे काटा होता. बाबांनी आपल्या स्टेशनच्या जागी काचेवर लाल दोरा चिकटवून टाकला होता. काटा दोऱ्याखाली आणला की समुद्र सुरू. रेडिओ खिडकीशेजारच्या उंच फळीवर असायचा, कारण त्या खोलीत लांबचं स्टेशन तेवढ्याच जागी लागे. टेबलावर आणला की नुसती खरखर. फळीखाली बाबांची खुर्ची. मांडीवर कापड घेऊन हातशिलाई करता यावी म्हणून तिचे पाय त्यांनी स्वतः करवतीने कापून बुटके केले होते. खुर्चीच्या दोन्ही हातांना गादी होती आणि गादीत सुया टोचलेल्या असत. लहानपणी एकेकदा बसून पाहिल्यावर बहीणभावांनी कानाला खडा लावला होता. तेव्हापासून बाबांच्या खुर्चीत बाबांशिवाय कुणी बसलेलं नव्हतं.

जुना रेडिओ एकदाचा गेला, तेव्हा पट्टीला मनातून आनंदच झाला. तिने आखलेलं नवं मॉडेल तयार होत होतं. त्यात काटा नव्हता. त्याऐवजी राखाडी काच आणि काचेत काळे ठळक आकडे. ही काच बाहेरून बनवून घेत. काचवाल्याने फोनवर तिला एकच प्रश्न विचारला होता, "बाई, बघणारा वरून बघणार की खालून?" ती तेव्हा टेबलावर वाकून नमुन्याकडेच बघत होती. तिला हसू आलं. "अहो, रेडिओकडे खालून कोण बघतंय? वरूनच." काचवाला बरं म्हणाला आणि काच आली, अशी झकास की मालकाने सगळ्यांना चहा पाजला.

पहिला तयार रेडिओ तिने बाबांना नेऊन दिला. स्वतः फळीवर ठेवला, स्वतः स्टेशन लावलं. काचेत आकडा उमटला, ९६८५.

"हा तुमचा दोरा," ती म्हणाली. "शहाण्णव पंच्याऐंशी. एवढं लक्षात ठेवा."

"ठेवलं," बाबा म्हणाले. मापं लक्षात ठेवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. "आकडा गेला."

ती कामावरून परस्पर त्यांच्याकडे गेली. बाबांनी गुडघ्यावर हात ठेवत उठून दार उघडलं. तिने फळीकडे पाहिलं. ९६८५, अगदी ठणठणीत.

"आहे की, बाबा."

बाबांनीही पाहिलं. "हो. आत्ता आहे."

"मग?"

"मगाशी नव्हता. तू आलीस की येतो." बाबांनी जरा विचार केला. "काल तू गेलीस नि गेला."

ती हसली. मग तिला हसू आवरावं लागलं, कारण बाबा हसत नव्हते.

तिथून पुढे पट्टीच्या डोक्याचा जो गुंता झाला, तो काही सुटेना. आधी तिला वाटलं, बाबांचा हात काच बंद करणाऱ्या बटणावर पडत असणार. ते बटण चालू-बंदच्या शेजारी तिनेच ठेवलं होतं. तिने त्याच्यावर लाल ठिपका चिकटवला आणि सांगितलं, याला हात लावायचा नाही. आकडा जातच राहिला. मग सेलवर संशय. नवे सेल घातले. आकडा जातच राहिला. मग वाटलं, सेल वाचवण्यासाठी काचच आपोआप झोपत असेल. सोल्डरिंगवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "या रेडिओत झोपणारा एकच, मी." तिने रेडिओ कारखान्यात आणून आपल्या टेबलावर पाठीवर निजवून ठेवला आणि दिवसभर नजर ठेवली. येणारा-जाणारा वाकून बघून जाई. आकडा जागचा हलला नाही. संध्याकाळी तिने तो परत फळीवर नेऊन ठेवला, उभ्या उभ्या दोनदा खात्री केली आणि घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"गेला."

समजावून सांगायला जावं तर आणखीच घोळ. एकदा बाबांच्या बोटाखाली भलतंच बटण आलं आणि नंतर उठून पाहतात तर काचेत ९६८५ च्या जागी ३१.

"हे एकतीस काय?"

"ते मीटर, बाबा."

"कापडाचे?"

"लहरीचे. शहाण्णव पंच्याऐंशी काय नि एकतीस मीटर काय, जागा तीच म्हणायची."

"एकच आहे तर दोन आकडे कशाला? गिऱ्हाइकाची कंबर मी एकदाच मोजायचो."

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे याला मालकाकडेही उत्तर नव्हतं. दुसऱ्या कंपन्या दोन दाखवतात म्हणून आपणही दाखवायचे, एवढंच. पण उत्तर नसलं की माणूस चिडतं. ती चिडली. "बाबा, सगळ्या जगाला दिसतो आकडा. तुम्हालाच कसा दिसत नाही?"

बाबा चष्मा पुसायला लागले. हे वाक्य बोलायला नको होतं, हे तिला जिना उतरतानाच कळलं, पण परत वर जाऊन सांगायचा धीर झाला नाही.

दादा लांबच्या शहरात होता. तिचा थोरला भाऊ, मायाळू आणि उतावळा, दोन्ही सारखंच. त्याला तिने सहज म्हणून सांगितलं आणि त्याने सुतावरून स्वर्ग गाठला.

"वस्तू येते नि जाते म्हणतात? अगं, आपल्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी म्हणायची भिंतीवरचं घड्याळ पळतंय. आठवतंय ना पुढे काय झालं?"

आठवत होतं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, लक्ष ठेवा. आता 'लक्ष ठेवा' म्हटलं की जे ठीक असतं तेसुद्धा संशयास्पद दिसायला लागतं. दादाने ठरवून टाकलं. असं चालू राहिलं तर बाबांना एकटं ठेवायचं नाही, त्या खोल्या सोडायच्या आणि बाबांनी त्याच्याकडे यायचं. आणि हो, तोवर धारदार काही जवळ ठेवू नकोस. तिने बाबांची मोठी कात्री, चाळीस वर्षं त्यांच्या हातात राहून दांडा झिजलेली, कपाटावरच्या पेटीत घालून ठेवली. बाबांनी पाहिलं. ती जायला निघाली तेव्हा फक्त म्हणाले, "मला नाही जायचं गं कुठे. माझं सगळं इथे हाताशी आहे."

"कुठे पाठवतंय कोण? तुम्ही नीट राहा म्हणजे झालं."

आणि काय आश्चर्य, बाबा नीट झाले! तक्रारीचे फोन थांबले. तिने आपण होऊन विचारलं तर उत्तर तयार.

"आकडा दिसतो ना, बाबा?"

"दिसतो की. शहाण्णव पंच्याऐंशी."

"आणि लाटा?"

"समुद्र शांत आहे."

तिचा जीव भांड्यात पडला. लाल ठिपक्याचा गुण, असं तिने मनाशी ठरवलं आणि पुढच्या मॉडेलमध्ये ठिपका छापूनच घ्यायचा बेत केला. रोज विचारावं, रोज तेच. शहाण्णव पंच्याऐंशी. समुद्र शांत आहे. कुठला समुद्र महिनाभर शांत असतो, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तिनेही कुठे समुद्र पाहिला होता!

मग एक दिवस जिन्यात समोरच्या काकू भेटल्या. त्यांची खिडकी बाबांच्या खिडकीसमोर. आधी त्यांनी इकडचं तिकडचं काढलं, मग आवाज खाली आणला. "राग मानू नकोस, पण वडिलांकडे बघ हो जरा. तास तास रेडिओखाली बसतात. आणि रेडिओवर काही नसतं गं, नुसती खरखर. मधेच चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात. परत पुसतात."

पट्टी तिथेच पायरीवर बसली. नुसती खरखर, आणि त्या खरखरीत बाबांना शांत समुद्र ऐकू येत होता! आता तिची खात्री पटली. आकडा येणं-जाणं परवडलं, पण हे काही खरं नव्हतं. तिने दादाला फोन लावला आणि बोलायच्या आधीच तिला रडू आलं.

दादा सुट्टी काढून आला. बाबांना सांगितलं. वाद होईल म्हणून दोघं कंबर कसून बसली होती, पण बाबा नुसते "बरं" म्हणाले. दादाला हायसं वाटलं. पट्टीला मात्र ते 'बरं' फार लागलं. कापड चुकीचं कापलं गेल्यावर बाबा असंच म्हणायचे.

सामान फारसं नव्हतंच. सकाळपासून बांधाबांध चालली होती. दादा टेम्पो ठरवायला खाली गेला. बाबा वळकटीवर बसले होते, मुलं कामाला लागली की आईबाप बसतात तसे, पाय जवळ घेऊन, अडचण न करता. फळीवर रेडिओ हळू आवाजात खरखरत होता. खुर्ची न्यायची तर तिच्या हातांच्या गादीतल्या सुया काढायला हव्यात, म्हणून पट्टी डबी घेऊन त्या बुटक्या खुर्चीत बसली. जन्मात दुसऱ्यांदा. एकेक सुई उपटता उपटता तिला शांतता सोसेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली,

"काय लागलंय, बाबा?"

बाबांनी वळकटीवरूनच मान वर केली, फळीकडे पाहिलं आणि सांगितलं, "शहाण्णव पंच्याऐंशी."

तिनेही मान वर केली.

काच कोरी होती.

तिला वाटलं, रेडिओ बंद आहे. पण खरखर तर येत होती. ती उठली. काचेत आकडा होता, काळाभोर, ठळक. ७२०५. ती खाली बसली. आकडा नाही. उठली. ७२०५. बसली. कोरी काच. हातातली डबी कलंडून सुया जमिनीवर सांडल्या, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. आपल्यालाही मावशीचंच झालं की काय, असं तिला वाटून गेलं. ती पुन्हा उठली, आणि या वेळी एकदम खाली न बसता हळूहळू गुडघे वाकवत गेली. आकडा आधी फिका झाला, मग पाण्यात भिजल्यासारखा पुसट, आणि तिचं डोकं फळीच्या खाली गेलं तसा नाहीसा झाला.

"उठाबशा कसल्या काढतेस?" बाबा म्हणाले.

तिला काचवाला आठवला. बाई, बघणारा वरून बघणार की खालून? कारखान्यात सगळ्यांचे रेडिओ टेबलावर, सगळ्यांच्या माना वाकलेल्या. खालून कोण बघतंय? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा तिनेच लावलेला. जगात एक माणूस खालून बघत होता, आणि त्याला तिने विचारलं होतं, तुम्हालाच कसा दिसत नाही?

"बाबा," ती म्हणाली. "आकडा तुम्हाला तिथून दिसतोय?"

"दिसतोय ना."

"बाबा, नाही दिसत. मलाही नाही दिसत. इथून कुणालाच नाही दिसणार. मी काच चुकीची मागवली. वरून बघणाऱ्यांची."

बाबांना कळायला वेळ लागला. ते तिच्याकडे बघत राहिले, मग फळीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"म्हणजे तो खरंच जात होता?"

"खरंच जात होता."

"मी उभा राहिलो की यायचा," बाबा हळूच म्हणाले, चोरी पकडली गेल्यासारखे. "बसलो की जायचा. हे मला नंतर कळलं. पण असं कुठे असतं का? मला वाटलं, बसलं की माझं डोकंच बंद पडतं. कुणाला सांगणार? आकडा जातो म्हटलं तर तुम्ही डॉक्टरकडे नेलंत. डोकं जातं म्हटलं असतं तर?" त्यांनी ओठ मिटले, परत उघडले. "एकदा माझाच हात लागून चकती फिरली. मग परत लावायची भीती वाटायला लागली. उभं राहून बघायचं आणि बसल्यावर खोटं ठरायचं, रोज रोज कोण सोसणार ते? म्हटलं राहू दे खरखर. पाठ होतं ते सांगत राहिलो."

"आणि समुद्र?"

"शांत म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

तिने सांडलेल्या सुयांतच बसकण मारली आणि बाबांचा हात धरला. माफ करा म्हणायचं होतं, ते नुसतं हुंदका होऊन आलं. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ते फळीकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग येत होता. महिन्याभरात पहिल्यांदा येत होता. तिला तो राग इतका आवडला की ती रडता रडता हसली.

दादा धापा टाकत वर आला. "टेम्पो आलाय. काय झालं? रडतेस काय?"

"इथे बस," बाबा म्हणाले.

"बाबा, खाली माणूस थांबलाय."

"थांबू दे. बस म्हणतो ना."

त्या आवाजात बाबा बरेच दिवसांत बोलले नव्हते. दादा मुकाट्याने बुटक्या खुर्चीत बसला, एक राहिलेली सुई लागून कळवळला, पुन्हा बसला.

"आता वर बघ आणि आकडा वाच."

दादाने वर पाहिलं. डोळे बारीक केले. बहिणीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, परत वर पाहिलं. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा मान वर केली.

"घाबरू नकोस," बाबा म्हणाले. "मीसुद्धा आधी चष्माच पुसला होता."

मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. "पेटी काढ वरची. कात्री दे माझी."

पट्टीने दोर सोडला आणि कात्री त्यांच्या हातात दिली. बाबांनी रेडिओची मागची कड उचलली, कात्रीचा जाड दांडा तिच्याखाली सरकवला आणि रेडिओ पुढे झुकवला, खालच्या माणसाला वाकून काही विचारावं तसा. घसरेल म्हणून दादा हात पुढे करत होता. "नाही पडत," बाबा म्हणाले, आणि खरंच पडला नाही. दादाला त्यांनी खुर्चीतून उठवलं, स्वतः बसले, मान वर केली. आकडा होता. हात वर ताणून त्यांनी चकती फिरवायला घेतली, सावकाश, घाई नसल्यासारखी. कधी किंचाळी, कधी कुठलंसं गाणं, मग पुन्हा खरखर, आणि खरखरीतून एक सपाट, कंटाळलेला आवाज वर आला.

खाली टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. कुणी हललं नाही.

"लाटा तीन पुरुष," बाबा म्हणाले. "सगळ्या बोटी आत घ्या म्हणतायत."